जांभळ्या बादशहाची बडदास्त

माणसाने म्हातारपणी काय वाटेल तो नाद लावून घ्यावा. पत्ते कुटावेत, चर्चच्या कॉयरमध्ये बेसूर गावं, दुसऱ्यांच्या कुंपणाची झुडपं कापण्याच्या पद्धतीवर टीका करावी. पण फुलपाखरं बघायचा नाद लावून घेऊ नये. निदान इंग्लंडात तरी. आणि इंग्लंडातच घ्यायचा झाला तर आमच्या मार्डलकोट गावात मुळीच घेऊ नये.

कारण फुलपाखराला ऊन लागतं. ऊन नसलं की ते पानाखाली पंख मिटून बसतं आणि त्याला बघायला निघालेला माणूस घरात खिडकीशी बसतो. यंदाचा उन्हाळा मी असा खिडकीशी बसून काढला. बसून हे आपलं म्हणायचं. बसतोय कुठला! जरा ढग फाटला की उठायचं, बूट चढवायचे, दुर्बीण गळ्यात घालायची, फाटकापर्यंत पळायचं, की टपकन नाकावर थेंब. परत आत. बूट काढा. पुन्हा ऊन. पुन्हा बूट. जुलै लागेपर्यंत माझी बायको डाफ्नी मला "दारातलं मांजर" म्हणायला लागली होती. आत असलं की बाहेर जायचं असतं, बाहेर असलं की आत.

दातांच्या डॉक्टरकडे तर मी खुर्चीवरून उठून पळालो. त्याने नुकतीच भूल दिली होती आणि खिडकीत लख्ख ऊन पडलं. अर्धा गाल लुळा, गळ्यात तो कागदी रुमाल, असा मी कुरणात पोचलो तर तिथे एक कोबीवरचं पांढरं फुलपाखरू. एकच. तेही माझ्याकडे बघून उडून गेलं.

बरं, दिवसा फुलपाखरं नाहीत तर रात्रीचे पतंग तरी मिळतील म्हणून मी बागेत पतंगांचा सापळा लावला. सापळा म्हणजे काही भयंकर नाही हो. एक खोकं, वर झगझगीत दिवा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पतंग येऊन ट्रेमध्ये झोपतात, सकाळी आपण त्यांची नावं लिहायची आणि सोडून द्यायचं. यंदा सकाळी खोकं उघडलं की आत पाणी आणि एखादी गोगलगाय. वर शेजारचा डेस्मंड ऑलसॉप कुंपणावरून डोकावणार.

"रोनाल्ड, हा दिवा कशाला?"

"पतंगांसाठी."

"आले?"

"नाही."

"मग विझव की लेका! आमच्या बेडरूममध्ये फुटबॉलची मॅच चाललीय असं वाटतं."

असो. डेस्मंडचं मी मनाला लावून घेत नाही. त्याच्याशी नीट वागायला लागण्याचं कारण पुढे येईलच.

मी हे सगळं सांगत होतो मिस विनिफ्रेड टर्टन यांना. त्या गावाबाहेरच्या एल्मफील्ड वृद्धाश्रमात असतात. म्हणजे असत. आमच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, आणि त्याहूनही जन्मभर मार्डलकोटची फुलपाखरं मोजली. कुठल्या कुंपणावर कुठलं, कुठल्या पानावर कुणाची अळी, सगळं पाठ. आता कंबर गेली, चाकाची खुर्ची आली. म्हणून माझे डोळे त्यांच्या उपयोगी पडायचे. मी साठी कधीच ओलांडली आहे, एका विमा कंपनीच्या शाखेचा प्रमुख होतो, पण त्या मला अजून आडनावाने हाक मारायच्या आणि मी खुर्चीत सरळ बसायचो.

त्या दिवशी त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, "पिंचबेक, माझा भाचा कीथ मला महिनाअखेरीस ॲबर्डीनला नेतोय."

"ॲबर्डीन! तिथे तर फार थंडी."

"भूगोल मला शिकवू नकोस. थंडीचं काही नाही. तिथे जांभळा बादशहा नाही."

जांभळा बादशहा म्हणजे आमच्याकडच्या फुलपाखरांतला सगळ्यात रुबाबदार गडी. ओकच्या शेंड्यावर राहतो, खाली क्वचित उतरतो. पंख दिसायला काळपट, पण तिरपं ऊन पडलं की अंगभर जांभळा पेटतो. आमच्या गावच्या पाद्रीवनात तो असणार असं मिस टर्टन जन्मभर म्हणत आल्या. झाडं आहेत, अळीला लागणारी पानं आहेत, मग तो का नसावा? पण त्यांना तो कधीच दिसला नव्हता. लोक सहलीला जाऊन दुसऱ्या जंगलात बघून येतात. या जात नसत. म्हणत, "लोकांच्या घरचा बादशहा मला नको. माझ्या गावात येईल तेव्हा बघीन."

आणि आता त्यांचं गावच सुटायचं होतं.

मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो, "मिस टर्टन, मी पाहिला. गेल्या आठवड्यात. पाद्रीवनातल्या मोठ्या ओकवर."

खोटं नव्हतं ते. शेंड्यावरून काहीतरी मोठं, काळं, ऐटीत सरकलं होतं. जिल्ह्याच्या फुलपाखरांच्या नोंदी तपासणारे एक मिस्टर गॉडबर आहेत, त्यांना मी कळवलंही होतं. त्यांचं उत्तर आलं: "फोटोशिवाय नोंद स्वीकारता येत नाही. यंदा कावळे बरेच आहेत." मी विमा कंपनीत उभी हयात लोकांच्या बोलण्यावर अविश्वास दाखवण्यात घालवली, पण तो असा मनाला झोंबतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मिस टर्टन यांनी फोटो मागितला नाही. खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला दाखवशील?"

त्यांनी जन्मात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणून बसलो.

आता चाकाच्या खुर्चीतल्या बाईला ओकच्या शेंड्यावर नेता येत नाही. तेव्हा बादशहालाच खाली आणायला हवा. कसा, ते मिस टर्टननीच सांगितलं. हा फुलांकडे ढुंकूनही बघत नाही. मध-बिध त्याच्या लेखी पोरखेळ. त्याला लागतं कुजकं, नासकं, घाणेरडं. मेलेलं जनावर, घोड्याची लीद, सडलेले मासे. शौकीन लोक त्याच्या वाटेवर कोळंबीची आंबवलेली चटणी फासून ठेवतात आणि टाय लावून शेजारी उभे राहतात. राजेरजवाड्यांच्या आवडीनिवडीबद्दल आपण सामान्यांनी बोलू नये हेच खरं.

शहरातल्या मलेशियन दुकानातून मी ती चटणी आणली. दुकानदाराने विचारलं, "कशात घालणार?" मी म्हटलं, "रस्त्यावर." त्याने पैसे आधी मोजून घेतले.

घरी ती फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी डाफ्नीच्या पुस्तक-मंडळाच्या बायका आल्या होत्या. तिने पुडिंग काढायला फ्रिज उघडला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. "रोनाल्ड, आत कोण मेलंय?"

"डार्लिंग, ते फुलपाखरासाठी."

"फुलपाखरासाठी! चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझा नवरा कंटाळवाणा असला तरी निरुपद्रवी आहे. आता काय सांगू?"

चटणीची रवानगी गॅरेजमध्ये झाली आणि तिच्यापाठोपाठ माझी.

बातमी गावभर व्हायला काय लागतं? सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. तेवढा एकच पाऊस मला त्या महिन्यात चालला असता, पण तोही नकोसा झाला. पबची मालकीण म्हणाली, ते बुरशीवालं स्टिल्टन चीज ठेव, ख्रिसमसपासूनचं आहे, आता ते आपणहून चालत येईल. पोस्टमन म्हणाला, त्याच्या चुलत्याने केळी बिअरमध्ये बुडवून टांगली होती, बादशहा आला नाही पण चुलता तिथेच झोपला. मी सगळं करून पाहिलं. फासायचो, ऊन यायची वाट बघायचो, पाऊस यायचा, सगळं धुऊन जायचं. पुन्हा फासायचो. गोमाश्या तेवढ्या धष्टपुष्ट झाल्या.

शेवटी एका जुन्या शौकिनाने फोनवर सांगितलं, "अहो, बाकी सगळं सोडा. कुत्र्याचं वापरा. ताजं."

आता येतं डेस्मंडचं प्रकरण. त्याच्याकडे भलामोठा लॅब्रडॉर आहे.

"डेस्मंड," मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "तुझ्या कुत्र्याचं... ते... तू पिशवीत उचलतोस ना?"

"अर्थात उचलतो! तूच तर पाटी लावलीस!"

"तसं नव्हे. मला ती पिशवी हवी होती."

डेस्मंडने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "रोनाल्ड, डाफ्नी बरी आहे ना? तुमचं दोघांचं सगळं ठीक?"

पण दिली बरं का. रोज सकाळी फाटकाला अडकवून ठेवायचा. गडी मनाने चांगला.

पाटीचा उल्लेख आला तर सांगून टाकतो. मार्डलकोट ग्रामपरिषदेची कुत्री-स्वच्छता उपसमिती आहे, आणि तिचा अध्यक्ष मी. पाद्रीवनाच्या पायवाटेवर जी पाटी आहे, "आपल्या कुत्र्याची घाण उचला. गाव पाहत आहे," तिचा मजकूर माझा. "गाव पाहत आहे" वर समितीत बराच वाद झाला होता. मीच तो हट्टाने घातला.

गाव पाहत होतं. त्या पाटीच्या अगदी खाली, गुडघ्यावर बसून, पिशवीतला ऐवज मी काडीने वाटेवर नीट मांडत होतो. थोडा इथे, थोडा तिथे, उन्हाची तिरीप येईल असा. इतक्यात मागे मोबाइलचा 'क्लिक' झाला. एक जॉगिंगवाली बाई. मी तिला सांगायला गेलो, "मॅडम, मी हे उचलत नाहीये, ठेवतोय." बोलल्यावर लक्षात आलं की याने माझी बाजू बळकट होत नाही.

आमच्याकडे माणसाने कर बुडवला, बायको सोडली, तर लोक हवापाण्याच्या गप्पा मारून विषय टाळतात. पण कुत्र्याची घाण वाटेवर सोडली तर क्षमा नाही. आणि जो बाहेरून आणून पसरतो त्याच्यासाठी तर शब्दच नाही! गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो झळकला. मागून दिसत होतो, पण माझी तपकिरी कॉर्डरॉयची पँट सगळ्यांच्या ओळखीची. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटा. दुकानात बाई सुटे पैसे हातावर न देता काउंटरवर ठेवायला लागली.

तक्रार रीतसर माझ्याच उपसमितीकडे आली. सचिवाने फोन केला. "सर, नियमाप्रमाणे आरोपीला नोटीस अध्यक्षांच्या सहीने जाते. तुम्ही जरा सही करायला येता का?" गेलो. केली. नियम म्हणजे नियम. सभेत "विषयात हितसंबंध असल्याने" मी अध्यक्षपद तात्पुरतं सोडलं आणि माझी बाजू मांडायला बोलावतील म्हणून हॉलच्या ओसरीवर उभा राहिलो. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मनुष्य, निसर्ग, राजघराणं, सगळं होतं त्यात. आणि तेवढ्यात ऊन पडलं! तुम्हीच सांगा, मी काय करणार? पळालो. पाद्रीवनात पोचेपर्यंत ऊन गेलं, हॉलवर परतेपर्यंत समितीही गेली होती. दारावर निकाल चिकटवला होता. रोनाल्ड पिंचबेक यांना पाद्रीवनाच्या पायवाटेवर मोसमभर बंदी. अध्यक्षपदी डेस्मंड ऑलसॉप.

"एकमताने झालं रे," डेस्मंड कुंपणावरून ओशाळं तोंड करून म्हणाला. "पिशवी मात्र उद्याही अडकवतो. कुणाला सांगू नकोस."

मला रडू आलं. खरंच आलं. मी घरात येऊन डाफ्नीला म्हटलं, कांदा कापतोय. ती म्हणाली, "कांदा घरात नाहीये, रोनाल्ड. बस इथे." आणि चहा केला.

इकडे वृद्धाश्रमाचं वेगळंच. मिस टर्टनना बाहेर न्यायचं तर व्यवस्थापिका मिसेस लॅम यांच्याकडे दोन दिवस आधी अर्ज.

"पण मिसेस लॅम, ऊन दोन दिवस आधी कळवत नाही."

"मग उन्हाला सांगा. बाहेर नेण्याचं कारण? वैद्यकीय, कौटुंबिक की धार्मिक?"

"फुलपाखरू."

"तसा रकाना नाही."

मी धार्मिक लिहिलं. त्यांनी चर्चच्या पाद्रीणबाईंना फोन करून खात्री करून घेतली. पाद्रीणबाई फार सभ्य, त्या म्हणाल्या, "एका अर्थी हो."

"आता धोक्याची तपासणी. विष्ठेशी संपर्क येण्याची शक्यता?"

"येणारच. आपण मुद्दाम ठेवतोय."

मिसेस लॅम यांनी पेन खाली ठेवलं.

अर्ज मंजूर झाला तोही कसाबसा, आणि मंजूर दिवशी मुसळधार. दुसरा अर्ज, पुन्हा मुसळधार. आदल्या दिवशी मात्र असं झळझळीत ऊन, की मी वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेर उभा राहून आकाशाकडे हात करून नाचत होतो आणि आत मिस टर्टन काचेला हात लावून बसल्या होत्या. मिसेस लॅम नाही म्हणून मान हलवत होत्या. कागदावर उद्याची तारीख होती. मिस टर्टन यांनी हळूच पडदा ओढून घेतला. तेवढं मला बघवलं नाही.

आणि महिना संपला. शनिवार उजाडला. कीथ येणार, सामान भरणार, नेणार.

मी बंदी मोडली. पहाटेच पाद्रीवनात गेलो. होतं नव्हतं ते सगळं काढलं, चटणीचा उरलेला डबा, स्टिल्टन, डेस्मंडची पिशवी. बादशहाचं पंगतीचं पान मांडावं तसं वाटेवर मांडलं. मला ठाऊक होतं की मिस टर्टन येणार नाहीत. पण घरी बसवेना. येरझारा घालत होतो. रेनकोटात घामाने निथळलो, टोपी काढली, टक्कल पुसलं, पुन्हा येरझारा. कुठल्या हाताने पुसलं याचं भान राहिलं नाही.

दहाच्या सुमारास ढग सरकले. आणि वाटेच्या तोंडाशी एक मोठी गाडी कचकन थांबली.

त्याचं असं झालं होतं, की आता मिस टर्टन वृद्धाश्रमातून कायमच्या निघाल्या होत्या. अर्ज नाही, रकाना नाही. गाडी गावाबाहेर आली तशी त्या म्हणाल्या, "कीथ, पाद्रीवनावरून घे."

"मावशी, तो ॲबर्डीनचा रस्ता नाही."

"मी भूगोल शिकवलाय, कीथ."

कीथने सुटातच खुर्ची चिखलातून ढकलत आणली. नाकाला रुमाल. "हा वास कसला?"

"माझा," मी म्हटलं. "माफ करा."

मिस टर्टन यांनी मांडणी पाहिली आणि फक्त मान हलवली, जशी पूर्वी नकाशा बरा काढला तर हलवत. मग आम्ही थांबलो. ऊन होतं. ओकच्या शेंड्याला काही नव्हतं. गोमाश्या आल्या. कीथने घड्याळ पाहिलं. पश्चिमेकडून काळा ढग निघालेला दिसत होता. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. चटणी हलवून बघितली, स्टिल्टन सरकवून बघितलं.

"मिस टर्टन," मी म्हटलं, "मला वाटतं तो कावळाच असावा. मी तुम्हाला उगीच..."

"पिंचबेक," त्या म्हणाल्या, "हलू नकोस."

आवाज असा होता की मी आठवीत जाऊन पोचलो. हललो नाही. माझ्या टकलावर काहीतरी टेकलं होतं. हलकं. त्याला पाय होते. ते पाय चालले, थांबले, आणि काहीतरी बारीकसं, ओलसर, माझ्या डोक्यावर चाचपायला लागलं.

"आहे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"गप्प."

"जांभळा आहे?"

"गप्प म्हटलं ना!"

कीथने खिशातून फोन काढायला हात घातला. "तू श्वाससुद्धा घेऊ नकोस," मिस टर्टन म्हणाल्या, आणि कीथचा हात खिशातच राहिला.

वाटेवर मेजवानी मांडली होती ती तशीच पडली. बादशहाने तिच्याकडे पाहिलंही नाही. अख्ख्या पाद्रीवनात त्याला माझ्याइतकं नासकं काही सापडलं नाही. मी उभा होतो, मान ताठ, डोळे समोर. बादशहा मला दिसत नव्हता. मला मिस टर्टन दिसत होत्या. त्या खुर्चीत पुढे झुकल्या होत्या, तोंड किंचित उघडं होतं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते त्या पुसत नव्हत्या. इतका आनंद मी माणसाच्या तोंडावर पाहिलेला नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही, आणि हे डाफ्नीला मी सांगितलंय.

मग डोकं हलकं झालं. मी वर पाहीपर्यंत ओकच्या शेंड्यावर ना ऊन होतं, ना तो.

"नर होता," मिस टर्टन म्हणाल्या. मग हात पुढे केला.

"नको हो, माझे हात घाण आहेत."

"दे म्हटलं की द्यावा, रोनाल्ड."

त्यांनी माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. हात घट्ट धरला, मग सोडला, आणि कीथला म्हणाल्या, "चल आता. पाऊस येतोय."

त्यांनी ॲबर्डीनहून मिस्टर गॉडबर यांना नोंद पाठवली. स्थळ: रोनाल्ड पिंचबेक यांचे डोके. फोटो नव्हता. गॉडबर यांनी एका शब्दाने शंका घेतली नाही. म्हणे, टर्टनबाईंनी आयुष्यात न पाहिलेलं लिहिलेलं नाही.

मला मात्र तो दिसला नाही. गावात येऊन, माझ्या अंगावर बसून, खाऊन-पिऊन गेला, आणि मला दिसला नाही. हे आठवलं की अजून जीव तळमळतो. रात्री उठून बसतो. डाफ्नी म्हणते, झोप रे, काय ते पुढच्या वर्षी. पण पुढच्या वर्षाचं कुणी पाहिलंय?

मग न राहवून मी ॲबर्डीनला फोन लावतो. "मिस टर्टन, कसा होता हो?" त्या चिडत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगतात, उजवा पंख कसा आधी काळा दिसला, त्याने तो कसा कलता केला, ऊन कसं आलं आणि काय झालं. दर वेळी तेच शब्द, एकाचाही फरक नाही. आणि मी फोन कानाला लावून, जागचा न हलता, ऐकत उभा राहतो.